रिकाम्या तारेवरचे पाच व्होल्ट

मी, खाली सही करणारी, वय सहासष्ट, अविवाहित, धंदा कारखाना चालवणे व सीएनसी मशीनची दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या भावजयीला शंका असल्यास तिनेही स्वतःचा एक दाखला काढून आणावा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. डॉक्टरांनी मला चार-सहा महिने दिले आहेत, आणि काम अर्धवट टाकून जाण्याची मला सवय नाही.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, शेजारच्या नर्सबाईंना द्यावे. माझ्या आजारपणात त्यांनी एकदाही कपाळाला हात लावून ताप सांगितला नाही. दर वेळी थर्मामीटर लावला.

कलम दोन. शिवणयंत्र भावजयीला. ते तिने माझ्याकडे तीनदा मागितले, त्यातले एकदा मी शुद्धीवर नसताना. त्याचे पायाने चालवायचे पायडल मात्र मी सोडवून आमच्या आत्तेभावाला दिले आहे. त्या दोघांचे एकमेकांशी बोलणे नाही. आता बोलावे लागेल.

कलम तीन. व्होल्ट मोजायचे दोन्ही मीटर, सोल्डरिंगचे सामान व इतर हत्यारे कारखान्याबरोबर जातील.

कलम चार. कारखाना, म्हणजे पत्र्याची शेड, तीन मशीन, त्यांचे सुटे भाग व पाटी, मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला देते. कारण लिहिणे बंधनकारक नाही असे वकील म्हणाले. मी तरी लिहिते.

तीस वर्षांपूर्वी वडिलांनी पहिले सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लोखंडी तुकड्यांना भोके पाडणारे यंत्र, आणले. ते चालवायचे धाकट्याने आणि विजेचे सगळे काम बघायचे मी. वडिलांनी ठरवून टाकले होते की कारखाना धाकट्याच्या नावावर करायचा आणि मला एखादे स्थळ बघून वाटेला लावायचे. वायरिंग मी केलेले, रात्रंदिवस राबलेली मी, आणि माझ्यासाठी वडील पत्रिकेचे कागद घेऊन हिंडत होते. त्या दिवसांत मी धाकट्याला पाण्यात पाहत असे. हे त्याला माहीत नाही.

मग मशीन चुकू लागले. सकाळचे पहिले चार तुकडे बरोबर, आणि दुपारपर्यंत भोके दीड मिलिमीटर सरकलेली. मशीन सरकवणाऱ्या स्टेपर मोटरला स्वतःची अक्कल नसते. हुकूम सोडणाऱ्या कंट्रोलरकडून मोटर फिरवणाऱ्या ड्राइव्हला जितके इशारे पोचतात तितकीच पावले ती टाकते. इशारा पाच व्होल्टचा लागतो. तो अशक्त असला की ड्राइव्ह काही इशारे घेतो, काही सोडतो, आणि मोटर तेवढी मागे राहते.

वडिलांनी मला मोजायला सांगितले. मी घाईत होते. ड्राइव्हकडची तार सोडवली आणि तिला मीटर लावले. पाच.

"लाइन ठीक आहे," मी म्हणाले.

"मग तुकडे सरकतात कसे?"

"मला काय विचारता? नीट आवळले जात नसतील."

वडिलांनी सगळ्या कामगारांसमोर धाकट्याला मशीनवरून उठवले. "तुझ्या हातातच दोष आहे. उद्यापासून पॅकिंगला बस," म्हणाले. धाकट्याने माझ्याकडे पाहिले.

"ताई, तू नीट मोजलंस ना?"

"मोजलं."

"मग माझंच चुकत असणार," तो म्हणाला आणि हात पुसून खाली उतरला.

आठ दिवसांनी मी स्वतः मशीनवर बसले आणि माझेही तुकडे सरकले. या वेळी तार जोडलेलीच ठेवून मोजले. तीन. सोडवली, पाच. जोडली, तीन. नवशिके करतात ती चूक मी केली होती. रिकाम्या तारेवर भार नसतो, ती पाच दाखवणारच. कंट्रोलरमधून इशारे पाठवणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड दुपारपर्यंत तापे, आणि मग त्याला ड्राइव्हचा भार पेलत नसे. मी कार्ड बदलले आणि त्यानंतर एकही भोक सरकले नाही. "पोरीच्या हाताला यश आहे," वडील म्हणाले, आणि कारखाना माझ्या नावावर केला. मी तोंड मिटून घेतले. ते कार्ड कपाटाच्या खालच्या खणात आहे.

धाकट्याने पुन्हा मशीनला हात लावला नाही. पुठ्ठ्याची खोकी चिकटवण्यात त्याची तीस वर्षे गेली. घरात खिळा ठोकायचा तरी तो शेजाऱ्याला बोलावतो. मागच्या आठवड्यात माझ्या गोळ्या डबीत भरताना त्याच्या हातून एक खाली पडली. "माझा हातच वाईट गं ताई," तो हसत म्हणाला. मी "असू दे" म्हणाले. तेव्हा सांगता आले असते.

मला लाज वाटते, आणि तितकाच त्याचा रागही येतो. मीटर तिथेच टेबलावर पडलेले असे. ते उचलून आपण स्वतः मोजावे, असे त्याला एकदाही वाटले नाही. माझ्या एका शब्दावर त्याने आपले आयुष्य टाकून दिले आणि ते ओझे माझ्या गळ्यात बांधले. इतका विश्वास मी कोणाकडे मागितला नव्हता.

कलम पाच. या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला यातून काहीही मिळणार नाही, त्याच्या नावे लिहिलेले रद्द होईल, अशी अट मी वकिलांना विचारून घालते. म्हणून पहिला साक्षीदार म्हणून मी धाकट्यालाच बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा नियम नाही, आणि वाचायला मनाईही नाही. मी सगळे कागद त्याच्या पुढ्यात ठेवीन आणि "वाच" म्हणेन. दोनदा म्हणेन.

वाचले तर तो सही करणार नाही. कारखाना त्याचा होईल आणि त्याच्या हातात कधीच दोष नव्हता हेही त्याला कळेल. आम्ही दुसरा साक्षीदार शोधू. न वाचता सही केली, तर त्याच्या नावे लिहिलेले रद्द होईल, आणि तसे झाल्यास कारखाना आत्तेभावाला द्यावा असे मी येथेच लिहून ठेवते. तो आठवड्याच्या आत तिन्ही मशीन भंगारात घालेल, हे मला ठाऊक आहे. तसे झाल्यास माझ्या मागे वकिलांनी कलम चार आणि पाच धाकट्याला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावीत. एकही ओळ गाळू नये.

त्याने वाचावे अशी माझी फार इच्छा आहे. पण मी त्याला लहानपणापासून ओळखते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि शुद्धीत राहून त्याखाली सही केली.

ठिकाण: कारखान्याचे ऑफिस
तारीख: अकरा मार्च, सकाळी साडेदहा

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार:

१. (सही) लिहून ठेवणारीचा सख्खा धाकटा भाऊ

२. (सही) वकिलांचा कारकून

वकिलांच्या सूचनेवरून पहिल्या साक्षीदाराने स्वहस्ते लिहिलेली नोंद:

ताईने दोनदा वाच म्हटले. मला गरज वाटली नाही. तिने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.