सैल झाकणाचा खुळखुळा

सूनबाई,

"आई, ओट्याखालच्या डब्यात उंदरांसाठी विष लावलेले गहू आहेत, मुलांना तिथे जाऊ देऊ नका," असं तू सकाळी बजावून गेलीस.

शेजारची चार मुलं आली होती. रिकाम्या बाटल्यांत बटणं भरून आम्ही खुळखुळे करत होतो. बटणं संपली, तेव्हा शिंप्याच्या चिमीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "आजी, गहू घालू?" दुपारपर्यंत माझं मौन असतं. बाटलीला दोरा गुंडाळता गुंडाळता मी वर न बघताच मान डोलावली.

मुलं गेल्यावर ओट्याखाली विषाचे गुलाबी दाणे सांडलेले दिसले. मौन मोडून तिघांकडे जाऊन आले, त्यांच्या खुळखुळ्यांत बटणंच आहेत. शिंप्याकडे फोन कोणी उचलत नाही. आलीस की तू लावत राहा, डॉक्टरांनाही सांगून ठेव. डबा मी सोबत नेते आहे.

चिमीने तो खुळखुळा तिच्या रांगत्या भावासाठी केला आहे. "झाकण सैल आहे," असं ती जाताना म्हणाली होती. दुपारी घरी येऊन घट्ट करून देते, असं मी तिच्या तळहातावर लिहिलं होतं.

तिकडेच निघाले आहे.

– आई