डॉक्टरांना न सांगितलेल्या गोळ्या

माय, तुझं अंग दुखायचं ते खरं होतं. हे मानायला मला बावीस वर्षं लागली, आणि तेही स्वतःचं अंग ठणकायला लागल्यावर. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी माझ्या दुखण्याचं नाव फायब्रोमायल्जिया सांगितलं. तपासणीत काही सापडत नाही, पण मानेपासून पोटऱ्यांपर्यंत कुटून काढल्यासारखं दुखतं, झोपून उठलं तरी थकवा तसाच. तुलाही हेच होतं का, आता कोण सांगणार. तू म्हणायचीस, "अंग मोडून राहिलं वो," आणि आम्ही घरभर हसायचो. "कामाच्या वेळीच बरं मोडते," असं मीच एकदा बोलले. तेव्हाच जीभ झडायला हवी होती माझी.

मग सोनोग्राफीत दुसरं निघालं, फॅटी लिव्हर. दारूचा थेंब कधी शिवला नाही, तरी. वजन उतरवा, रोज चाला, म्हणतात. चाललं की दुखतं, पडून राहिलं की वजन वाढतं. म्हणून मी तलावाच्या पाळीवर थोडंसंच चालते, दुखणं चढायच्या आत परत फिरते. तुझी नात सोबत असते. जेवताना तीच मला एक वाटी भात मोजून वाढते. धानाच्या घरात भात मोजून खायचा, काय दिवस आले. डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली, दुखण्याच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, लिव्हरला झेपणार नाहीत.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तू बांधीवर, शेतातल्या चिखलात, उतरण्याआधी चहासोबत दोन गोळ्या घ्यायचीस, आणखी दोन पदराच्या गाठीत. लाखनीहून मीच आणून द्यायचे. आधी रोवण्यापुरत्या, मग बाराही महिने. मग तुझे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोणत्या गोळ्या खाता?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, "काहीच नाही जी." मला लाज वाटली, माय. अंगदुखीसाठी कोणी इतक्या गोळ्या खाते का, असं ते म्हणतील म्हणून. गोळ्यांनीच तू गेलीस की आणखी कशानं, मला माहीत नाही. नंतर विचारायची हिंमतही झाली नाही.

आता अंगणवाडीत बायांना मीच सांगते, मनानं गोळ्या खाऊ नका. आणि घरी येऊन स्वतः खाते. दोन महिने झाले, रोज. आज सकाळीही दोन घेतल्या. परवाच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही घेता का?" मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "नाही जी, मम्मी काहीच घेत नाही. माझं लक्ष असते." किती ठासून बोलली. मी मान हलवली. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून तोच कागद पुन्हा वाचत बसले, मग आणखी तपासण्या लिहून दिल्या.

आत्ता ती स्वयंपाकघरात भाजी चिरून राहिली आहे, हळू हाक मारली तरी ऐकू जाईल एवढी जवळ. हे सगळं तिला सांगायचं होतं. तुला लिहीत बसले, कारण तू उलटून काही विचारणार नाहीस.