आठवं रीळ

३ एप्रिल
बोल्ग्योला पोचले. खाडीवरचं घर, खिडकीखाली मैलभर करडा चिखल आणि जेवायला वाफाळत्या कोमाक शिंपल्या. इल-सुक मावशींनी दुसरा वाडगा भरता भरता विचारलं, "ये-वोन, सोलमध्ये तुला कुणी खायला घालत नाही का गं?" मी तोही संपवला.

मावशी सत्तरीच्या. त्यांच्या आईनं, कुक मल-सुन यांनी, १९६४ साली एकच सिनेमा केला: सासर सोडून चिखल तुडवत पलीकडे जाणाऱ्या सुनेचा. निर्मात्यानं शेवट कापला आणि दुसऱ्याकडून नवा काढून घेतला. त्यात सून परत येऊन सासूपुढे गुडघे टेकते. तोच पडद्यावर गेला. मल-सुन यांना पुन्हा कुणी सिनेमा दिला नाही. खऱ्या शेवटाचं आठवं रीळ मावशींनी मधल्या खोलीत जपलंय. ते पुसून, मोजून सोलच्या संग्रहालयात न्यायचं, एवढंच माझं काम.

सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या सिनेमांत साहाय्यक होते. एका निर्मात्यानं माझी संहिता न उघडता परत दिली, बायकांच्या सिनेमाला गर्दी होत नाही म्हणून. मल-सुन यांचा फोटो माझ्या भिंतीवर आहे. आज त्यांच्या घरात गुणगुणत बॅग उघडली.

५ एप्रिल
रीळ मोजलं. एकशे बेचाळीस मीटर. व्हिनेगरसारखा वास, कडा आकसलेल्या, चित्र मात्र शाबूत. उजेडाच्या टेबलावर भिंग लावून पाहिलं. पांढऱ्या हानबोक पोशाखातली नटी पाठमोरी चालत जाते आणि मध्येच वळून पाहते. पुन्हा चालते, पुन्हा वळते. असं नऊ वेळा.

मावशींनी लसूण सोलत सांगितलं, की आईला तिनं न वळता जायला हवं होतं. नटी घाबरायची. दहाव्या खेपेला भरती आली आणि रुतलेला पाय काही सुटला नाही. आई ओरडली नाही, धावली नाही. कॅमेऱ्यातून पाहत राहिली. निर्मात्यानं प्रकरण दाबलं. मावशी तेव्हा दहा वर्षांच्या, काठावर उभ्या होत्या.

रात्री जेवण गेलं नाही.

८ एप्रिल
डब्यात भरण्याआधी पुन्हा मोजलं. एकशे एकोणपन्नास. टेप बदलली, तिसऱ्यांदा मोजलं. तेवढंच. सात मीटर वाढलेत आणि कुठेही सांधा नाही.

वाढलेल्या भागात पांढऱ्या कपड्यातली बाई आहे, पण ती नटी नव्हे. केस कापलेले. पलीकडच्या किनाऱ्यावर पवनचक्क्या दिसतात. त्या उभ्या राहून चार वर्षं झाली.

९ एप्रिल
मावशींना टेबलापाशी आणलं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "ही हा-रांग. तुझ्याआधी संग्रहालयातून आलेली. चालायची छान गं, पण मान वळायचीच मेलीची."
आता ती कुठे असते, असं विचारलं. मावशींनी भिंग एप्रनला पुसलं आणि भात लावायला गेल्या.

संग्रहालयात फोन केला. हा-रांगनं दोन वर्षांपूर्वी इथूनच राजीनाम्याचं पत्र टाकलं, त्यानंतर तिचा पत्ता नाही. उद्या निघते म्हणून सांगितलं.

१० एप्रिल
निघाले नाही. सकाळी रीळ एकशे छप्पन्न मीटर.

शेवटच्या सात मीटरांत मी आहे.

काल दुपारी डुलकी लागली होती, एवढंच आठवतं. नखांत करडा चिखल आहे. चित्रात मी निम्म्या वाटेपर्यंत जाते आणि थांबते. वळत नाही. मावशींनी समुद्रशेवाळाचं सूप पुढं ठेवलं. म्हणाल्या, "आई खूश आहे. म्हणते, ही पोरगी सिनेमातली आहे."

त्यांच्या आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली.

११ एप्रिल
बसमध्ये बसले. बॅग मांडीवर. सुटले असं वाटलं. आणि मग डोक्यात तेच — कॅमेरा फार वर लावलाय. क्षितिज तिच्या मानेला कापतं. हातभर खाली हवा, मग ती आभाळात चालल्यासारखी —
पुढच्या थांब्यावर उतरले. का उतरले, माहीत नाही. चालत परत आले.

१२ एप्रिल
एकशे त्रेसष्ट.
मी निम्म्याच्या पुढे गेलेय. कॅमेरा हातभर खाली आहे.
मी हे कुणापाशीही बोलले नव्हते. फक्त या वहीत लिहिलं होतं.
वही उशाखाली होती —

१३ एप्रिल, दुपार
रीळ जाळायला काठावर आणलं. काडेपेटी आहे. मावशी आडव्या आल्या नाहीत. तुझी मर्जी, म्हणाल्या.

जाळणारच आहे. आधी एकदा जागा बघते. उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही —

चिखल गार आहे. पोटरीपर्यंत. उभ्यानं लिहितेय.

मागं मावशी बोलतायत. उत्तर देणारा आवाज त्यांचा नाही. एका म्हातारीचा, धिमा. उजवीकडे सरक म्हणतो. बरोबर आहे, उजवीकडेच हवं. मलाही तेच —

पाणी पोटरीला — नाही, गुडघ्याला. डावा पाय हलत नाही.

सूर्य ढगाआड गेलाय. असा उजेड चालणार नाही. त्यांना सांगायला हवं, ढग सरू दे, घाई नको, मग मी एका दमात —