उशांचा तट

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे तुम्हाला जिना चढू देत असतील अशी आशा करतो. इकडे नातीचा न्यूमोनिया ओसरतो आहे. ताप उतरला, आणि आपल्या टोपणनावाला जागून भिंगरी पुन्हा गरगर फिरू लागली आहे (हाताला सलाईन असतानाही).

माझ्या लेकीने तुम्हाला फोन केला असेलच, की मी कामावर असते, बाबांच्याने होत नाही, तुम्ही येऊन दवाखान्यात बसा. झालं ते मी खरं खरं लिहितो, मग तुम्हीच ठरवा.

सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की औषधाने पोर गुंगीत असते, पलंग उंच आहे, तेव्हा कठडा कायम वर ठेवायचा आणि कुठे जायचं तर बेल दाबून सांगून जायचं. मी मान डोलावली, पण नुसत्या कठड्यावर माझा भरवसा बसेना. तुम्हाला आठवत असेल, आमची लेक रांगायची तेव्हा तुमची बहीण तिच्याभोवती उशांचा तट रचायची, आणि पोर कधी पडली नाही. (तो पलंग वीतभर उंच होता, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.) मी घरच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या उशा चादरीत बांधून आणल्या. तुमच्या बहिणीचीसुद्धा. (ती गेल्यापासून त्या उशीचा अभ्रा बदललेला नाही. लेक विचारते, मी विषय बदलतो.) फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "आजोबा, घर बदलताय का?"

तट झकास झाला. कठड्याला लावून उशीवर उशी, कुठे फट म्हणून नाही. मी समाधानाने बूट काढले आणि पाणी प्यायला पाठ फिरवली. भिंगरीला तेवढंच हवं होतं. माझ्या तटाच्या तिने पायऱ्या केल्या. वळून बघतो तर बाईसाहेब सगळ्यांत वरच्या उशीवर उभ्या, कठडा त्यांच्या गुडघ्याशी, आणि मला म्हणतात, "आजोबा, मी तुमच्यापेक्षा उंच." अक्का, मी तसाच धावलो. फरशी गुळगुळीत, पायांत नुसते मोजे; मी सपशेल आडवा. पोरीला सिस्टरांनी वरच्या वर झेललं (त्या औषध घेऊन दारातच होत्या, नाहीतर हे पत्र मला लिहवलं नसतं).

मला थोडा मुका मार लागला, बाकी काही नाही. सिस्टर ओरडल्या नाहीत. एकेक उशी उतरवत म्हणाल्या, "आजोबा, कठड्याजवळ उशी आली की त्याचा जिना होतो." मग पडण्याची भीती असलेल्या मुलांच्या मनगटाला जो पिवळा पट्टा बांधतात, तसाच एक त्यांनी माझ्याही मनगटाला बांधला. भिंगरीला कोण आनंद. आता मी जागचा हललो तरी ती बेल दाबते. सिस्टर येऊन कोणाला जायचंय म्हणून विचारतात, आणि मी खाली मान घालून हात वर करतो.

डोक्याखाली एक उशी ठेवायची परवानगी मिळाली. भिंगरीने सगळ्या हुंगून पाहिल्या आणि आजीची घेतली. सिस्टर अभ्रा काढायला आल्या तेव्हा आम्ही दोघंही एकदम "नको" म्हणालो. त्यांनी आमच्या दोघांच्या पट्ट्यांकडे पाहिलं, आणि वरूनच दवाखान्याचा अभ्रा चढवला.

तेव्हा तुम्ही तसदी घेऊ नका. बूट पायात, कठडा वर, पोरीकडे पाठ नाही. एवढं आता मला जमतं. हे काम माझ्याकडेच राहू द्या.

आपला,
भिंगरीचा आजोबा (पट्टेवाला)

ता. क. लेकीला तसं तुम्हीच सांगा. तुमचा शब्द ती मोडत नाही.

आणखी एक ता. क. परवा भिंगरीला सोडतील. आजीची उशी ती आपल्या घरी नेणार म्हणते, मी हो म्हटलं आहे. माझ्या पलंगाला कठडा नाही, आणि घरी बेल दाबली तरी दार उघडायला मीच. दवाखान्यात नको, पण गुडघे हो म्हणाले तर त्यानंतर चार दिवस माझ्याकडे या. उशा पुष्कळ आहेत.