आमच्या तळ्याची खोटी नावं

प्रिय ओइरिकताई,

आपलं डोंगरामागचं तळं नव्या नकाशावर अजून बिननावाचंच आहे. नकाशावाल्या बेथागबाईंनी काल आपल्या शेगडीपाशी बसून स्वतः सांगितलं, तेव्हा खरं समज. तू आता धापा न टाकता जिने चढतेस असं भाचीनं कळवलं, बरं वाटलं. इथे मी, मेंढ्या आणि छप्पर, सगळे ठीक.

बाई गावोगाव फिरून ओढ्या-तळ्यांची आपल्या गेलिक भाषेतली नावं गोळा करतात. ओढ्यांची नावं सगळ्यांनी हौसेनं आणि खरी दिली (आजोबांचा बूट वाहून गेला तो बुटाचा ओढासुद्धा). पण तळ्याचं कसं सांगणार? 'लॉख नाम ब्रेख्क', म्हणजे ट्राउट माशांचं तळं, एवढं छापलं की शहरातले लोक गळ घेऊन हजर. बाबा तर स्वतःच्या व्याह्यांनाही तिथला मासा समुद्रातला म्हणून वाढायचे. म्हणून मी 'जळवांचं तळं' सांगितलं. शेजारच्या टोर्मोडनं 'मेलेल्या वासराचं' सांगितलं, त्याच्या बायकोनं (त्याच स्वयंपाकघरात, त्याच्यादेखत) 'रडक्या म्हातारीचं'. पाद्रीबाबांना खोटं बोलायचा सराव नाही. त्यांनी गडबडीत 'रोग बरे करणारं तळं' म्हणून टाकलं, तेही लेखी.

झालं, बाईंना वाटलं तिकडे चार तळी आहेत. एक सापडलं, आणि उरलेली शोधत त्या धुक्यात फिरू लागल्या. टोर्मोड म्हणाला, "दमतील आणि जातील. तू गप्प बस." पण दुपार कलली तरी त्या दिसेनात, तेव्हा मला राहवेना. वर गेलो, तर बाई तळ्याकाठी दगडावर मोजे पिळत बसलेल्या.

"तुमची म्हातारी कुठे बसून रडते हो, फर्करभाऊ?"

"आज सुट्टी असेल तिची."

तेवढ्यात समोर हातभर मासा उसळला. मी ढगांकडे बघू लागलो.

"जळू बरीच मोठी आहे की," बाई म्हणाल्या. मग कळलं की त्या लुईस बेटावरच्या. त्यांच्या वडिलांचं तळं नकाशावर 'घाणेरडं तळं' म्हणून आहे, आणि ते लिहिलंय बाईंनीच. मी खिशातली ओटाची भाकरी आणि चीज पुढे केलं. उतरताना दोघंही खुशीत होतो.

तुझा भाऊ,
फर्कर

ता. क. बाई 'काळं तळं' लिहायला तयार आहेत. परगण्यात काळी तळी इतकी आहेत की कोणी ढुंकून बघणार नाही. पण इथे जन्मलेल्या दोघांनी तेच नाव सांगावं लागतं, आणि टोर्मोड नवराबायको आपापलं नाव सोडत नाहीत (सध्या एकमेकांशी बोलतही नाहीत). तेव्हा 'आम्ही लहानपणापासून काळं तळंच म्हणतो' असं उलट टपाली लिहून पाठव.

ता. क. आणखी एक. हे खोटं आहे असं मनात आणू नकोस. पाणी काळंच आहे. शुक्रवारपर्यंत तुझं पत्र आलं नाही, तर लेखी असलेलं एकुलतं नाव छापलं जाईल. पाद्रीबाबा ते मागे घेणार नाहीत, कारण रविवारचं प्रवचन सत्यावर आहे. मग गळवाले परवडले म्हणायची वेळ येईल. सगळ्या स्कॉटलंडचे गुडघे दुखणारे लोक बाटल्या घेऊन आपल्या फाटकाशी उभे राहतील.