सत्कारमूर्तीचा गोल

ती. क्लिफर्डमामांस,

एड्विनचा नमस्कार. मॅव्हिसमामींचा खोकला ओसरला असेल. माझ्या गुडघ्यांची चौकशी न करण्याची कृपा करावी.

शनिवारी माझ्या सन्मानाचा सामना झाला. तुम्ही आला नाहीत, हे फार बरं झालं. बचावफळीत जन्म काढलेल्या माणसाला क्लब असा एक सामना देतो आणि त्यात सत्कारमूर्तीला एक गोल करू द्यायचा, हा आपल्याकडचा रिवाज. मी कारकिर्दीत एकही गोल केलेला नाही. (आपल्याच जाळ्यात मारलेल्या दोन गोलांचा विषय तुम्ही कधी काढत नाही, हा तुमचा मोठेपणा.) या एका गोलाची मला किती आस होती, ते मी डायरीतही मोकळेपणी लिहिलेलं नाही.

पण मन खाऊ लागलं. दुसऱ्याने करू दिलेला गोल आपला म्हणावा का? म्हणून त्यासाठी ठरवून ठेवलेली पेनल्टी मी नाकारली. आमचे प्रशिक्षक बार्नाबी खवळले. "अरे प्रोफेसर, कॉलेजात गेलास ते गेलास, आता मैदानावर तरी डोकं चालवू नकोस!" शेवटी तडजोड झाली : चालू खेळात संधी आली तर घ्यायची. (मुद्दाम आणलेली संधी आपोआप आली असं म्हणता येईल का, यावर माझा विचार अजून चालू आहे.)

सामना संपत आला तसं मला पुढे ढकलण्यात आलं. पाहुण्यांचा गोलरक्षक लेनॉक्स याने हातातला चेंडू सोडला आणि पाय मुरगळल्यासारखा आडवा झाला. अभिनय अगदीच भिकार. चेंडू लोळत जाऊन गोलरेषेवर थबकला. जवळ मी एकटा. सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. लेनॉक्स पडल्या पडल्या पुटपुटला, "मारा ना काका लवकर, नाकात गवत जातंय!"

मामा, रेषेवरचा चेंडू दिसला आणि माझे पाय माझे राहिले नाहीत. मी जिवाच्या आकांताने धावलो, चेंडू आणि जाळं यांच्यामध्ये घुसलो आणि असा हाणला, की तो स्टँडच्या छपरावरून पलीकडच्या मासे-चिप्सच्या दुकानापुढे पडला. वर हात उंचावून ओरडलोही, "झोपलात काय रे सगळे?"

लेनॉक्स उठून बसला. "वर्षभरात आमच्या एकाही पोराने एवढा चोख बचाव केला नाही," तो म्हणाला. "आधी कुठे होतात तुम्ही?"

घरी पोचल्यावर तुमच्या भाचेसुनेने, हनोराने, चहा केला. तो ओतताना एवढंच म्हणाली, "वाचवलंस कुणाला, ते तरी सांग."

असो. मी निवृत्त झालो आहे आणि पूर्ण समाधानी आहे. गोल म्हणजे तरी काय, दोन खांबांमधली हवा. मनात कसलीही रुखरुख नाही.

तुमचा भाचा,
एड्विन

ता.क. : तुमच्या गावच्या रविवारच्या संघात पुढच्या फळीत एखादी जागा निघेल का?

आणखी ता.क. : समोरच्या गोलरक्षकांना माझ्याबद्दल काही सांगून ठेवू नका. गोल झाला तर तो खराच हवा.

शेवटचा ता.क. : नाताळपर्यंत झाला नाही, तर सांगून ठेवा.