‘हाच तो’ म्हणून मोकळी झालीस

प्रिय सुमे,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलंय. आज तू मला तशी मुळीच नाहीस, हे आधीच सांगून ठेवते.

काल तुझी चिऊ तीर्थपुरीहून आल्ती. कॉलेजच्या प्रवेशाचं काम होतं. जेवली, ताट उचललं आणि हात धुता धुता, माझ्याकडं न बघताच म्हणाली, “मावशी, आईनं तारकला का पकडून दिलं?”

तुझ्या पुस्तकातल्या ओवीनं नाही म्हणाली, सुमे. आईनं म्हणाली.

मी तिचं ताट घासायला घेतलं. दर आठवड्याला पेपरातल्या सदरातून अख्ख्या जिल्ह्याला टोमणे मारणारी तुझी बहीण, एवढ्याशा पोरीपुढं भांड्यांत तोंड लपवून! म्हणून हे पत्र. तुझ्याशी भांडायला दुसरी जागा ठेवलीस कुठं?

तुझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळचे रविवार आठवतात का गं? फोन ओट्यावर ठेवून तू भाकरी थापत थापत प्रकरण सांगायचीस. थापायचा आवाज थांबला की मी ओळखायचे, आता कुणीतरी प्रेमात पडणार. भिंतीनं दुभागलेलं ते तुझं भविष्यातलं कोरडनगर. अलीकडं टँकरची वाट बघणारी माणसं, पलीकडं म्हणे वाहती नदी. आणि कुणी कुणाशी लग्न करायचं हे ठरवणारं सरकारचं जोडीखातं! मी म्हणाले होते, “ह्यात भविष्यातलं काय आहे? हे खातं आपली आत्या जन्मभर बिनपगारी चालवून राह्यली.” तू इतकी हसलीस की भाकरी करपली. तुझ्या दिलीपरावांनी तीच खाल्ली असणार, बिचारे.

“हे कोण वाचणार?” असंही मी विचारलं होतं. तू म्हणालीस, “माझ्या नववीच्या पोरी. त्यांना राजा-राणी नको, अक्का. पळून जाता आलं पाहिजे असं कायतरी पाहिजे.” आणि वाचलं की त्यांनी! ओवी-तारकची नावं बाकांवर कोरली म्हणून मुख्याध्यापकांनी तुलाच नोटीस दिली. केवढा अभिमान होता तुला त्या नोटिशीचा!

मग तिनातलं दुसरं पुस्तक आलं. मधलं.

तू स्वतः मधली. नवे कपडे मला, लाड धाकट्या बंड्याचे, आणि तुला माझे उसवलेले फ्रॉक. “मधल्या पुस्तकाचं बी तसंच,” तू म्हणायचीस, “पहिल्याचं कौतुक, तिसऱ्याची वाट, मधल्यानं नुसतं वझं वाह्याचं.” मी हसले होते. तेव्हा तू काय वाहत होतीस, ते मला कुठं माहीत होतं?

त्या वर्षी रविवारचा फोन यायचा, भाकरीचा आवाज यायचा, प्रकरण तेवढं यायचं नाही. “ह्या बारीला न्हाई सांगणार. छापल्यावर वाच.” मला वाटलं, लेखिका झाली बाई, चढलंय डोक्यात. आणि संभाजीनगरला तुझी ती ट्रेनिंगं! मास्तरांच्या मागं ट्रेनिंगं इतकी असतात की कुणाला म्हणून शंका आली नाही. औषधोपचार लपवायला इतकी बराबर सोय दुसऱ्या कुठल्या नोकरीत असेल?

पुस्तक एसटीच्या कंडक्टरबरोबर आलं. एका बैठकीत वाचलं. सगळं पुस्तक दोघं जीव मुठीत धरून पळतात, शेवटच्या पानावर भिंतीच्या दाराशी पोचतात, पलीकडं पाण्याचा आवाज येतोय, आणि ओवी तारकचा हात सोडते. शिपायांना म्हणते, “हाच तो.” तो कैदेत, ती एकटी दारापलीकडं. खेळ खल्लास!

मी तडक फोन केला. “अगं, हे काय केलंस?”

“मंग? तिसऱ्यात कळंल न.”

“मला आत्ता सांग.”

“अक्का, तू तर बिलकुल माझ्या पोरींसारखी करून राह्यली.” हसलीस. मग खोकलीस. मी खोकल्याचं विचारलंसुद्धा नाही, तारकचंच विचारत बसले. तुला तेच हवं होतं ना?

उन्हाळा संपायच्या आत तू गेलीस.

दहावा शहागडला केला, गोदावरीवर. पिंड मांडला आणि कावळा शिवेना. बंड्या म्हणाला, चिऊला शिकवू. कावळा ढिम्म. दिलीपराव म्हणाले, तुझ्या आवडीची पेरूची झाडं जपू. तो झाडावरून हायवेच्या भजीगाड्याकडं बघत बसलेला. मी त्याला मनातून दाद देत होते. शेवटी आत्या, जिनं कॅलेंडरपलीकडं आयुष्यात काही वाचलं नाही ती आत्या, वैतागून ओरडली, “आरं, तिचं पुस्तक अर्धं राह्यलं न! अक्के, तू म्हण की!”

सगळी माझ्याकडं बघायला लागली. ह्या कावळ्याच्या कारभारावर मी दोन लेख लिहिलेत, ते तिथल्या अर्ध्या लोकांनी वाचलेले. उन्हात डोकं तापलेलं. मी म्हणाले, “लिहीन. पण निदान शेवट सांगून गेली असती तर...” वाक्य पुरं व्हायच्या आत मेला खाली उतरला! तू पाठवल्तंस का गं त्याला?

परत येताना दिलीपरावांनी सांगितलं. पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हाच डॉक्टरांनी तुला सगळं सांगितलं होतं. म्हणजे मधलं लिहायला बसलीस तेव्हाच तुला ठाऊक होतं, तिसरं होणार नाही.

“मला का नाही सांगितलं?” मी विचारलं.

ते खाली बघत म्हणाले, “ती म्हणायची, सगळे माझ्याशी हळू बोलाया लागतील. अक्काला कळलं तर ती बी टोमणे मारायची बंद होईल. मंग माझ्याकडं राह्यलं काय?”

सुमे, हे काय कारण झालं? तुला माझे टोमणे हवे होते म्हणून मला शेवटचं वर्षभर येडी बनवलंस? मी हळू बोलले असते तर बोलले असते! तो माझा हक्क होता. चिऊचा तर माझ्याहून जास्त. आईच्या उशाशी बसायच्या वेळात ती पोर ‘आई ट्रेनिंगला गेली’ म्हणून मैत्रिणीकडं गप्पा मारत होती.

ओवीनं तसं का केलं, ते मला आता समजतं. दारापलीकडं एकटीलाच जायचं होतं, आणि तो हात सोडणार नाही हे तिला माहीत होतं. समजलं. पटलं नाही.

तेव्हा शब्द देते. कावळ्याला दिला तो वेगळा, हा तुला. तिसरं मी लिहीन. रविवारी चिऊला ओट्याशी बसवून, तिला विचारत विचारत लिहीन. भाकरी तिची, प्रकरण माझं. तारक सुटेल. दारापर्यंत येईल. ओवीला वाट्टेल ते बोलेल, अगदी माझ्या तोंडून बोलेल, आणि पानंच्या पानं तिला माफ करणार नाही. शेवटच्या पानावर करेल.

पण सुमे, मी फार सावकाश लिहिणार आहे.

तुझी, आवाज न उतरवलेली,
अक्का